बर्फ लवकर हवा असेल तर आधी भांड्याची खोली मोजा

मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा चाळिशीच्या वर गेला की घराघरांत रात्रीचं एक काम ठरलेलं असतं. उद्याच्या सरबताला, मठ्ठ्याला, पाहुण्यांच्या पाण्याला बर्फ करायला ठेवायचा. हाताला येतो तो स्टीलचा उभा डबा. तो काठोकाठ भरतात, झाकण लावतात आणि फ्रीजरात ढकलतात. सकाळी उपडा केला की चारी बाजूंनी बोटभर जाडीचा बर्फ निघतो आणि मधून भळकन पाणी. मग बोल फ्रीजला लागतो, नाहीतर रात्री गेलेल्या लाईटला. बहुतेक वेळा चूक डब्याच्या आकाराची असते, आणि ती सुधारायला एक पैसाही लागत नाही. घरातलं दुसरं भांडं घ्यायचं, एवढंच.

पाण्याचा बर्फ होतो म्हणजे पाण्यातली उष्णता बाहेर निघून जाते. एक लिटर पाणी ३५ अंशांवरून शून्यावर आणायला ३५ किलोकॅलरी काढाव्या लागतात. शून्य अंशाच्या त्याच पाण्याचा शून्य अंशाचाच बर्फ करायला आणखी ८० किलोकॅलरी लागतात. शाळेच्या पुस्तकात याला अप्रकट उष्मा म्हटलेलं असतं. म्हणजे पाणी हाताला गारेगार लागतं तेव्हा कामाचा तिसरा हिस्सासुद्धा झालेला नसतो. ही ११५ किलोकॅलरी कोणत्याही भांड्यात तेवढीच राहते. भांड्याचा आकार दोन गोष्टी ठरवतो. उष्णतेला बाहेर पडायला किती पृष्ठभाग मिळतो, आणि सगळ्यात आतल्या पाण्याला बाहेरपर्यंत किती लांब जावं लागतं.

एकच लिटर, वेगवेगळी भांडी

आतून २५ सेंटिमीटर व्यासाच्या जेवणाच्या ताटात एक लिटर पाणी ओतलं तर ते जेमतेम २ सेंटिमीटर उंच राहतं. तेच पाणी २० सेंटिमीटरच्या थाळीत सव्वातीन सेंटिमीटर चढतं, १० सेंटिमीटर व्यासाच्या डब्यात पावणेतेरा, आणि साडेसात सेंटिमीटरच्या बाटलीत साडेबावीस. पाण्याचा सगळा पृष्ठभाग, म्हणजे वरचा, खालचा आणि बाजूचा, धरला तर ताटात सुमारे ११४० चौरस सेंटिमीटर भरतो. बाटलीत तो ६२० आहे. जितका रुंद तितकाच उंच असा डबा घेतला, म्हणजे साधारण पावणेअकरा बाय पावणेअकराचा, तर ५५०. पाण्याचा चेंडू करता आला असता तर फक्त ४८४. सगळे आकार तपासले तर चेंडूला पृष्ठभाग सर्वांत कमी आणि पातळ थराला सर्वांत जास्त.

आता वेळ. पाणी ३० अंशांचं आहे, फ्रीजर उणे १८ वर आहे, हवा जवळजवळ स्थिर आहे आणि भांड्याभोवती सगळीकडून मोकळी जागा आहे, असं धरून हिशेब केला तर ताटातलं पाणी पाच-सव्वापाच तासांत पूर्ण जमतं. बाटलीला दहा तास लागतात आणि डब्याला साडेअकरा. फ्रीजर भरलेला असेल किंवा दार सारखं उघडत असेल तर तिन्ही आकडे वाढतील, पण त्यांचा क्रम बदलणार नाही. रात्री अकराला ठेवलेलं ताट पहाटे चारला तयार असतं. डबा सकाळी साडेदहाला.

फ्रीज नव्हते तेव्हाही लोकांना हे माहीत होतं. १७७५ साली रॉबर्ट बार्कर यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात अलाहाबादकडच्या बर्फ करणाऱ्यांची पद्धत लिहून ठेवली आहे. दोन फूट खोल खड्ड्यात उसाची किंवा मक्याची वाळलेली धाटं अंथरायची आणि त्यावर मातीच्या उथळ, न झिलई केलेल्या ताटल्या ओळीनं मांडायच्या. ताटलीची खोली सव्वा इंच, म्हणजे तीन सेंटिमीटरच्या आसपास. थंडीतल्या निरभ्र रात्री त्यांत उघड्यावर बर्फ धरायचा. त्यांनी घागरी मांडल्या असत्या तर सकाळी नुसतं थंड पाणी मिळालं असतं.

आधी आपला फ्रीज ओळखा

भांडं निवडण्याआधी हे ठरवायलाच हवं, कारण दोन प्रकारच्या फ्रीजमध्ये युक्ती वेगळी लागते.

साधा एका दाराचा फ्रीज, ज्याला दुकानदार डायरेक्ट कूल म्हणतात, त्यात फ्रीजरच्या खोक्याचा पत्रा हीच थंडीची जागा असते. त्या पत्र्यातल्या नळ्यांतून गॅस फिरतो. म्हणून तिथं हवेपेक्षा पत्र्याला टेकणं महत्त्वाचं. ताटाचं बूड पत्र्याला नीट चिकटून बसलं तर बर्फ खालून वर चढतो, आणि झपाट्यानं चढतो. पत्रा उणे १२ वर आहे आणि मध्ये काहीच अडथळा नाही असं धरलं, तर शून्य अंशाला आलेल्या पाण्याचा २ सेंटिमीटरचा थर पाऊण तासाच्या आत गोठतो. ४ सेंटिमीटरच्या थराला मात्र अडीच तासांहून जास्त लागतात, आणि ८ सेंटिमीटरला दहा तास. खोली दुप्पट केली की वेळ चौपट होतो. जो बर्फ झाला तोच पुढच्या पाण्याची उष्णता अडवून बसतो, आणि थर जाड होईल तसा अडथळाही जाड होतो. घरी हे आकडे इतके चोख येणार नाहीत, कारण टेकणं कधीच पूर्ण नसतं. चौपटीची गोष्ट मात्र नक्की अनुभवाला येते.

टेकणं बिघडतं ते दोन कारणांनी. पहिलं, भांड्याचं बूड. पुष्कळ स्टीलच्या डब्यांचं बूड आतल्या बाजूला उचललेलं असतं आणि फक्त कडा टेकते. फरशीवर भांडं ठेवून बाजूनं मोबाईलचा उजेड टाका. बुडाखालून उजेड आरपार दिसला तर तिथं हवा राहणार. हवेसारखं उष्णता अडवणारं दुसरं स्वस्त काही नाही. अशा वेळी सपाट बुडाचं भांडं घ्या. ते नसेल तर पत्र्यावर दोन-तीन चमचे पाणी सोडून त्यावर भांडं ठेवा. ते पाणी गोठून फट बुजवतं आणि भांडं पत्र्याला जोडलं जातं. दुसरं कारण म्हणजे पत्र्यावर साठलेला भुसभुशीत बर्फ. तो आत हवा धरून असतो, म्हणून गोधडीसारखं काम करतो. तो अर्धा सेंटिमीटर झाला की डीफ्रॉस्टचं बटण दाबून काढून टाका.

चिकटलेलं ताट काढायला सुरी, उलथनं, स्क्रू ड्रायव्हर काहीही लावू नका. पत्र्याखालची नळी फुटली की गॅस उडतो आणि दुरुस्ती परवडत नाही. आजच्या बऱ्याच फ्रीजमधला आर-६०० ए हा गॅस पेट घेणारा असतो, हेही लक्षात असू द्या. कडेनं वाटीभर साधं पाणी सोडायचं आणि मिनिट-दोन मिनिटं थांबायचं. ताट आपोआप सुटतं.

दोन दारांचा फ्रॉस्ट फ्री फ्रीज असेल तर थंडी पंख्याच्या वाऱ्यानं येते. इथं भांडं टेकवण्यापेक्षा मोकळं ठेवणं चांगलं. ताट जाळीच्या कप्प्यावर ठेवा, म्हणजे खालूनही हवा जाईल. भिंतीपासून आणि शेजारच्या वस्तूंपासून दोन-तीन सेंटिमीटर अंतर राखा. हवा जिथून येते त्या फटींसमोर मटाराच्या पिशव्या रचून ठेवल्या तर कुठलाही आकार कामाला येणार नाही.

स्टील, ॲल्युमिनियम की प्लास्टिक

यावर लोक फार वाद घालतात. उत्तर फ्रीजवर अवलंबून आहे. सगळीकडून हवाच असेल तर मुख्य अडथळा हवेचा असतो. दोन मिलिमीटर जाड प्लास्टिकमुळं त्यात सुमारे दहावा हिस्सा भर पडते, म्हणून प्लास्टिकचा उथळ ट्रे हा स्टीलच्या खोल डब्याला सहज मागं टाकतो. पत्र्याला टेकवायचं असेल तर मात्र धातूच घ्या. तिथं हवेचा अडथळा नसल्यानं प्लास्टिकचा तळच सगळ्यात मोठी आडकाठी ठरतो. ॲल्युमिनियमची परात सर्वांत उत्तम, पण लिंबू-सरबत किंवा ताक त्यात ठेवू नका. आंबट पदार्थ ॲल्युमिनियमला खातो. नुसत्या पाण्याला चालेल. पातळ स्टीलही पुरेसं आहे.

काठ बाहेर झुकलेला असावा. तळापेक्षा तोंड रुंद असलं की बर्फ वर सरकतो आणि एका हिसक्यात निघतो. तांब्या, लोटा, माठ अशा पोटाळू भांड्यांत बर्फ करू नये. पोटात झालेला बर्फ गळ्यातून निघणार कसा? शिवाय गळा अरुंद असल्यानं तिथलं पाणी आधी गोठतं आणि बूच बसतं. मग आतल्या पाण्याला फुगायला जागा राहत नाही. पाण्याचा बर्फ झाला की आकारमान सुमारे ९ टक्के वाढतं. ती वाढ बूड फुगवते, सांधा उकलते, काचेची बाटली असेल तर तिचे तुकडे होतात. बाटलीच लागणार असेल तर जाड प्लास्टिकची घ्या, लिटरमागं किमान १५० मिलिलिटर जागा रिकामी सोडा, ती आडवी ठेवा आणि पूर्ण जमेपर्यंत बूच सैल ठेवा. आडवी ठेवताना तोंड थोडं वर उचललेलं राहू द्या, म्हणजे सैल बुचातून पाणी गळणार नाही.

एका रात्रीत तीन लिटरचा बर्फ

साध्या घरगुती फ्रीजला किती झेपतं, हे आधी पाहू. फ्रीज पाण्यातून सेकंदाला १०० ज्यूल, म्हणजे १०० वॅटनं उष्णता खेचतो असं धरलं, तर ३५ अंशांच्या एका लिटरचा उणे १० अंशांचा बर्फ करायला ५०० किलोज्यूल, म्हणजे दीड तासाला थोडा कमी वेळ लागतो. दहा लिटर ठेवले तर जवळपास चौदा तास. तिथं कितीही पातळ ताटं मांडली तरी उपयोग नाही, कारण अडचण आकाराची राहत नाही, यंत्राच्या ताकदीची होते. उरलेल्या फ्रीजलाही थंड राहायचं असतं. तेव्हा रात्रीला तीन लिटर हा सुरक्षित आकडा धरा.

पाणी संध्याकाळी माठात भरून ठेवा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत माठ चांगला गार करतो. पाणी ३५ वरून २५ वर आलं तर ११५ पैकी १० किलोकॅलरी फुकटात निघाल्या.

फ्रीजरचा तळ पुसून कोरडा करा, भुसभुशीत बर्फ काढा. आतली लांबी-रुंदी टेपनं मोजा. गोल ताटापेक्षा आयताकृती ट्रे जागा चांगली भरतो. हलवायाच्या दुकानात बर्फी थापायचे ट्रे असतात, तसा ३० बाय २० सेंटिमीटरचा एक घेतला तर त्यात अडीच सेंटिमीटर खोलीला दीड लिटर बसतं. असे दोन पुरे.

डायरेक्ट कूल फ्रीजमध्ये खालचा ट्रे पत्र्यावर, वर सांगितलेल्या दोन-तीन चमचे पाण्यावर ठेवा. त्याच्या चारी कोपऱ्यांवर उलट्या वाट्या बसवा आणि त्यांवर दुसरा ट्रे ठेवा, मध्ये तीन-चार सेंटिमीटर मोकळं राहील असा. वरच्याला पत्र्याचा आधार नाही, म्हणून त्यात पाणी कमी घ्या. खाली साडेतीन सेंटिमीटर आणि वर दीड, अशी वाटणी केली तर वरचा ट्रे फार मागं राहत नाही. फ्रॉस्ट फ्रीमध्ये दोन्हींत सारखंच घ्या.

झाकण लावू नका. झाकण आणि पाणी यांच्यातली हवा वरून येणारी थंडी अडवते. मासळी-मटणाचा वास लागायची भीती असेल तर पातळ प्लास्टिक थेट पाण्याला टेकवून पसरा, मध्ये हवा राहू देऊ नका.

पहिले तीन तास दार उघडू नका. दोन तासांनी ताट पाहिलं असतं तर काठापासून मधल्या बाजूला धावणाऱ्या सुया दिसल्या असत्या, बाभळीच्या काट्यांसारख्या, आणि त्यांच्यामध्ये साईसारखा पातळ पापुद्रा. वरून घट्ट दिसतो म्हणून बर्फ झाला असं समजू नये. ताट हळूच कलतं करा. आत पाणी शिल्लक असेल तर पापुद्र्याखालून हवेचा बुडबुडा सरकताना दिसतो. सरकला तर परत ठेवा. ग्लासात किंवा डब्यात बर्फ कडेकडून आत येतो, शेवटचं पाणी मध्ये कोंडतं आणि फुगून वर टेंगूळ आणतं. टेंगूळ पारदर्शक असेल तर आत अजून पाणी आहे. पांढरं झालं की समजा जमलं.

लाईटची ये-जा असेल तर उथळ ट्रेचा आणखी एक फायदा होतो. पाच-सहा तासांच्या एका सलग टप्प्यात काम पूर्ण होतं. डब्याला साडेअकरा तास हवेत. तेवढ्यात लाईट गेली की अर्धा बर्फ परत वितळायला लागतो आणि मेहनत दोनदा होते.

गरम पाणी लवकर गोठतं, असं ऐकून काहीजण उकळतं पाणी ठेवतात. टांझानियाचे एरास्टो म्पेंबा आणि डेनिस ऑस्बोर्न यांनी १९६९ साली यावर लेख लिहिला आणि तेव्हापासून वाद चालू आहे, कारण प्रयोग प्रत्येक वेळी तसाच येत नाही. घरात याच्यावर विसंबू नका. गरम पाण्यानं शेजारच्या वस्तू वितळतात आणि बाहेर काढायची उष्णता दीडपटीहून जास्त होते.

बोअरच्या क्षाराच्या पाण्यानं गोठण्याचा वेळ फारसा बदलत नाही, चव मात्र बदलते. बर्फ होताना स्फटिक क्षाराला बाहेर ढकलतो, म्हणून तो शेवटी गोठणाऱ्या भागात गोळा होतो. डब्यातल्या बर्फाचा पांढुरका गाभा मचूळ लागतो तो याच्यामुळं.

कुल्फीचा साचा आणि बर्फाची लादी

कुल्फीवाल्याचा निमुळता पत्र्याचा साचा मीठ-बर्फात बुडवलेला असतो. तीन-चार भाग फोडलेल्या बर्फाला एक भाग मीठ घातलं की मिश्रण शून्याच्या बरंच खाली जातं. मिठाचं प्रमाण अगदी नेमकं असेल तर उणे २१ अंशांपर्यंत. हवेऐवजी बर्फाचं खारं पाणी साच्याला चारी बाजूंनी चिकटतं, म्हणून इथं साचा धातूचाच हवा आणि बारीक हवा. टोक आधी जमतं, तोंडाकडचा जाड भाग शेवटी. साचा काढायचा की नाही हे नेहमी तोंडाच्या मध्यात काडी खुपसून ठरवा. साखरेमुळं दूध शून्याच्या खालीच गोठतं, तेव्हा मीठ कमी पडलं की कुल्फी मऊच राहते.

कारखान्यातली मोठी लादीही उणे १० अंशांच्या आसपासच्या खाऱ्या पाण्यात बुडवलेल्या पत्र्याच्या डब्यांत होते. तिचा वेळ काढायला साधा ठोकताळा आहे. लादीची जाडी सेंटिमीटरमध्ये घ्या, तिचा वर्ग करा, ०.६ नं गुणा आणि खारं पाणी शून्याखाली जितके अंश असेल त्यानं भागा. तास मिळतात. २८ सेंटिमीटर जाडीला ४७ तास, म्हणजे जवळपास दोन दिवस. जाडी निम्मी केली तर १२ तास. रसवंतीवाल्यानं लादी आज सांगितली आणि आजच मिळाली तर ती दोन दिवसांपूर्वी लावलेली असते. लग्नसराईत म्हणूनच दोन-तीन दिवस आधी सांगून ठेवावं लागतं. पारदर्शक लादीसाठी डब्याच्या मध्यात नळीनं हवा सोडतात आणि शेवटचं मचूळ पाणी शोषून काढून ताजं भरतात. घेताना रंग बघा. महाराष्ट्रात २०१८ पासून अखाद्य बर्फाला निळसर रंग देणं सक्तीचं आहे. तसला बर्फ ग्लासात घालू नये.

जमवायला पातळ, टिकवायला जाड

जो आकार लवकर गोठतो तोच लवकर वितळतो, म्हणून ट्रेमधली चकती दुपारपर्यंत तशीच ठेवली तर अर्धी जाईल. सकाळी चकत्या काढा, त्यांच्यावर पाण्याचा हात फिरवा आणि एकावर एक रचून तासभर परत फ्रीजरात ठेवा. त्या एकमेकींना चिकटून एकसंध ढेप होते. २५ सेंटिमीटरच्या सहा गोल चकत्या सुट्या ठेवल्या तर सुमारे ६८०० चौरस सेंटिमीटर उघडे पडतात. रचल्यावर उघडा राहतो तो फक्त १९००, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी.

ती ढेप थर्माकोलच्या खोक्यात ठेवा, खाली लाकडी पट्ट्या घाला म्हणजे ती वितळलेल्या पाण्यात बसणार नाही. वरची रिकामी जागा बारदान्याच्या घड्यांनी भरा आणि खोकं सावलीत ठेवा. लागेल तेवढाच तुकडा टोच्यानं काढा आणि वापरायच्या क्षणी फोडा. ग्लासात चुरा टाकला की सरबत लगेच गार होतं. २० लिटरच्या जारला ३५ वरून १५ अंशांवर आणायला सव्वाचार किलो बर्फ लागतो. तो मात्र दोन-तीन मोठ्या तुकड्यांत घाला, म्हणजे हळूहळू वितळेल आणि पंगत उठेपर्यंत पाणी गार राहील.